तांबं साठत जातं तेव्हा

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचे हंडे, कळश्या, बंब दुकानाबाहेर ओळीनं मांडलेले असतात. घरोघरी रात्री पाणी भरून ठेवतात तो तांब्याही इथलाच. तांबं शरीराला लागतंच, पण अगदी कणभर. जास्तीचं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. काही मुलांच्या एटीपी७बी या जनुकात जन्मतःच दोष असतो आणि हे काम अडतं. तांबं आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. हा विल्सनचा आजार. डॉ. किन्नियर विल्सन यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. भांड्यांमुळे तो होत नाही. पण झाल्यावर मात्र तांब्यातलं पाणी बंद.

दहावीतल्या एखाद्या मुलाची वही बघा. जूनमध्ये अक्षर वळणदार. दिवाळीनंतर ओळ सोडून खाली घसरणारं, शेवटी शेवटी नुसत्या रेघोट्या. बोलणं जड होतं, लाळ गळते, हात पुढे धरले की थरथरतात, स्वभाव चिडका होतो. घरचे म्हणतात, "अभ्यासाचं टेन्शन घेतलंय." शाळा म्हणते, लक्ष नाही. कुणी दृष्ट काढतं, कुणी गंडा बांधतं. यात जे महिने जातात, ते फार सलतात. कारण या आजाराला औषध आहे.

"लहानपणी कावीळ झाली होती का?" हे विचारायलाच हवं. गावठी औषधानं उतरलेली कावीळ आईवडील आपणहून सांगत नाहीत.

मग डोळे. स्लिट लॅम्पला, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाला, हनुवटी टेकवली, की बुबुळाच्या कडेनं तपकिरी-हिरवट कडं दिसतं. आपल्याकडच्या गडद डोळ्यांत ते नुसत्या नजरेला सहसा सापडत नाही. कडं नसलं तरी आजार नाही असं नाही. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासावं लागतं.

तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन १९५६ पासून वापरात आहे. ट्रायएंटीन आहे, झिंक आहे. सुरुवातीला काहींची थरथर वाढते, म्हणून डॉक्टरांची नजर हवी. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणं जिवावर बेतू शकतं.

आईवडील दोघंही सदोष जनुकाचे वाहक, स्वतः मात्र धडधाकट. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत अशी गाठ पडण्याची शक्यता जास्त. प्रत्येक भावंडाला आजार असण्याची शक्यता चारात एक. म्हणून निदान झालं की ठणठणीत दिसणाऱ्या धाकट्या बहिणीचीही तपासणी लगेच करायची. तिच्यात आजार सापडला तर औषध आयुष्यभर घ्यावं लागेल. पण वेळेवर सुरू झालं आणि नीट चाललं, तर लाळ, थरथर, अडखळतं बोलणं तिच्या वाट्याला सहसा येत नाही.