स्टेडियम गप्प होतं तेव्हा

(दृश्य: अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूल. हिवाळ्यातली संध्याकाळ, मैदानावरचे दिवे लागलेले.)

६ फेब्रुवारी २०१६. लिव्हरपूल विरुद्ध संडरलंड. यजमान दोन-शून्यनं पुढं आहेत आणि सामना संपत आलाय. अशा वेळी घरचा प्रेक्षक जागचा हलत नाही. पण घड्याळात ७७वं मिनिट लागतं आणि माणसं उठायला लागतात. आधी रांगेच्या टोकाची, मग मधली, मग अख्ख्या रांगाच्या रांगा. लाल मफलर गळ्याभोवती आवळून, पोरांचे हात धरून लोक जिन्यांकडे वळतात. सुमारे दहा हजार माणसं चालू सामना सोडून बाहेर पडतात.

नव्या मेन स्टँडमधल्या सगळ्यात महागड्या तिकिटाची किंमत क्लबनं जाहीर केली होती: ७७ पौंड. म्हणून ७७वं मिनिट.

मागं राहिलेल्या अर्ध्यामुर्ध्या गर्दीसमोर संडरलंडनं दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. आठवडा उलटायच्या आत क्लबच्या अमेरिकन मालकांनी जाहीर माफी मागितली, ७७ पौंडांचा बेत रद्द केला आणि जास्तीत जास्त दर आधीच्याच ५९ पौंडांवर ठेवला.

फुटबॉलच्या स्टेडियमचा आवाज आपण टीव्हीवर रोज ऐकतो. या माहितीपटात आपण त्यातल्या शांततेकडे कान देणार आहोत. कधी चाहत्यांनी ठरवून पाळलेली, कधी त्यांच्यावर लादली गेलेली. हा आवाज कुणाचा, तो कशावर जगतो आणि कशानं मरतो, हे तो थांबला की फार स्पष्ट ऐकू येतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. गोलपोस्टमागे उतरत्या पायऱ्यांवर खेटून उभी असलेली गर्दी.)

अ‍ॅनफिल्डच्या एका टोकाला, गोलपोस्टच्या मागं जो स्टँड आहे त्याला ‘कॉप’ म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीचं आहे, स्पिऑन कॉप. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात या टेकडीवर ब्रिटिश फौजेची भीषण कत्तल झाली. मेलेल्यांत लँकेशायरच्या, म्हणजे लिव्हरपूल तेव्हा ज्या परगण्यात होतं त्याच्या, पलटणींचे जवान फार होते. त्या लढाईत जखमींना डोलीतून वाहून आणणाऱ्या भारतीय स्वयंसेवकांचं पथक उभं केलं होतं नाताळ प्रांतातल्या एका तरुण वकिलानं, मोहनदास करमचंद गांधी यांनी. पुढं १९०६ मध्ये अ‍ॅनफिल्डवर उंच उतरता स्टँड उभा राहिला, तेव्हा लिव्हरपूलच्या एका वृत्तपत्राच्या क्रीडा संपादकानं त्याला त्या टेकडीचं नाव सुचवलं. ते चिकटलं ते आजतागायत.

भरात असताना या कॉपवर २८ हजारांच्या आसपास माणसं मावत. बसायला काही नाही, नुसत्या पायऱ्या. गोदी कामगार, कारखान्यातले मजूर, शाळकरी पोरं. चेंडू गोलकडे सरकला की गर्दी चार-पाच पायऱ्या खाली ओढली जायची आणि पुन्हा वर यायची. १९६०च्या दशकात इथं गाणं सुरू झालं. सामन्याआधी ध्वनिक्षेपकावर त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी लागत आणि कॉप ती म्हणे. १९४५च्या एका अमेरिकन संगीतिकेतलं गाणं १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच एका बँडनं म्हटलं. ते यादीतून उतरलं तरी कॉपनं सोडलं नाही. आज तेच गाणं ग्लासगोत सेल्टिकचे चाहते म्हणतात, जर्मनीत डॉर्टमुंडचेही म्हणतात.

मग १५ एप्रिल १९८९ आला.

शेफील्डचं हिल्सबरो मैदान. एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. त्या काळी दंगेखोरांना आवरण्यासाठी इंग्लंडमध्ये स्टँडच्या पुढं लोखंडी जाळ्या उभारलेल्या होत्या आणि प्रेक्षक कोंडवाड्यासारख्या कप्प्यांत उभे असायचे. बाहेर गर्दी तुंबली, पोलिसांनी एक मोठं दार उघडलं आणि लोंढा समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या कप्प्यांत शिरला. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. तिकडं कुणी वळवलं नाही. पुढच्यांना जाळीमुळे निसटता येईना. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबला तेव्हा जाळीला चेपलेली माणसं उभ्या उभ्याच गुदमरत होती.

९७ जण गेले. शेवटचा मृत्यू त्या दिवशीच्या दुखापतींमुळे, ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये झाला.

पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला. एका मोठ्या वृत्तपत्रानं दारुड्या चाहत्यांच्या खोट्या कहाण्या पहिल्या पानावर छापल्या. लिव्हरपूलमधली कित्येक दुकानं ते वृत्तपत्र आजही ठेवत नाहीत. हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे होते आणि चाहत्यांचा त्यात काही दोष नव्हता, हा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ साल उजाडावं लागलं. सत्तावीस वर्षं घरच्यांनी फायली धरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. ब्रिटिश फुटबॉलच्या चाहत्यांविषयी बोलताना या सत्तावीस वर्षांना वळसा घालून पुढं जाता येत नाही.

दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानं मोठ्या स्टेडियममधले उभे स्टँड बंद करायला सांगितलं. १९९४ साली कॉपचाही उभा स्टँड संपला आणि २८ हजारांच्या जागी साधारण बारा हजार खुर्च्या आल्या. टेलर यांनी त्याच अहवालात ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला होता: तिथं उभ्याचं तिकीट ४ पौंड, खुर्चीचं ६. म्हणजे खुर्ची आली तरी गरीब माणूस बाहेर फेकला जायला नको, हे त्यांनी बजावलं होतं. खुर्च्या बसवताना अहवाल सगळ्यांनी वाचला, दर ठरवताना ते पान कुणी उघडलं नाही. १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली, टीव्हीचा पैसा आला, तिकिटं दरवर्षी चढत गेली. ज्या पोरांनी कॉपवर गाणी रचली, त्यांच्या पोरांना घरी बसून सामना बघावा लागला.

(दृश्य: डॉर्टमुंड. दक्षिणेकडचा स्टँड, पिवळ्या-काळ्या रंगानं भरलेला.)

जर्मनीनं वेगळी वाट धरली. तिथं लीगच्या सामन्यांना उभे स्टँड राहिले. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर जवळजवळ २५ हजार माणसं उभी राहतात. या एका उताराला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. खालच्या बाजूला, मैदानाकडे पाठ करून, मेगाफोन घेतलेला एक माणूस उभा असतो. आख्ख्या सामन्यात त्याला खेळ फारसा दिसतच नाही. त्याचं काम म्हणजे गाणं उचलणं, ढोलवाल्याला खूण करणं, आवाज पडला की पुन्हा चढवणं. ही पद्धत इटलीतून आली. १९६०च्या दशकाच्या शेवटी मिलानसारख्या शहरांत ‘अल्ट्रा’ गट निघाले. प्रचंड कापडी चित्रं, एकसाथ उचललेले रंगीत कागद, मशाली हे सगळं त्यांचं.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ समोरासमोर आले की पेठांचं जे होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना डॉर्टमुंड फार समजावून सांगावं लागणार नाही.

या जगाला काळी बाजू आहे आणि ती लहान नाही. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या हल्ल्यानंतर भिंत कोसळली आणि ३९ जण मेले, बहुतेक युव्हेंटसचे. इटलीतल्या काही स्टँडमधून आजही कृष्णवर्णीय खेळाडूंना माकडांचे आवाज काढले जातात. चाहत्यांवर प्रेम असणाऱ्यानं हे लपवू नये.

जर्मनीत आवाज टिकला त्यामागं एक नियम आहे: पन्नास अधिक एक. क्लबमध्ये पैसा कुणीही घालो, निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्याच हाती राहिली पाहिजेत. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबर्ग असे मोजके अपवाद आहेत. म्हणून तिथला चाहता मैदानात गिऱ्हाईक म्हणून येत नाही, आणि त्याच्या मनाविरुद्ध काही झालं तर तो कसा वागतो हे २०१२ मध्ये दिसलं.

(ध्वनी: चेंडूचा ठोका. लांबून एका प्रशिक्षकाची हाक.)

त्या वर्षी लीगनं सुरक्षेचे नवे कडक नियम आणायचं ठरवलं. मतदान होतं १२ डिसेंबरला. त्याआधीच्या सामन्यांत देशभरच्या चाहत्यांनी, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांनीही, पहिली १२ मिनिटं आणि १२ सेकंद तोंडातून शब्द काढला नाही. हजारोंनी भरलेल्या मैदानात बुटाचा चेंडूला लागणारा आवाज ऐकू येत होता. बारा मिनिटं बारा सेकंद झाले आणि स्टँड फुटले. नियम तरी मंजूर झाले. पण टीव्हीवर सामना विकणाऱ्यांना कळलं, की आपण जे विकतो त्यातलं अर्धं आपलं नाहीच.

लादलेली शांतता आली २०२० मध्ये. कोरोनामुळे थांबलेली बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, १६ मे रोजी सुरू झाली. डॉर्टमुंडनं शाल्केला चार-शून्यनं हरवलं आणि खेळाडू सवयीनं रिकाम्या पिवळ्या भिंतीसमोर रांगेत जाऊन उभे राहिले. त्या काळातल्या सामन्यांच्या अभ्यासांत दिसलं, की प्रेक्षक नसताना घरच्या मैदानाचा फायदा घटतो आणि पाहुण्या संघाला पंचांची पिवळी कार्डंही कमी मिळतात. गर्दी सामना घडवते, हे तिथं आकड्यांत उतरलं.

आणि बर्लिनच्या पूर्व टोकाला, झाडीत लपलेलं युनियन बर्लिनचं मैदान. २००४ मध्ये क्लब कर्जात बुडाला, तेव्हा चाहत्यांनी रक्तदान केलं आणि त्याचे मिळालेले पैसे क्लबला दिले. २००८ मध्ये स्टेडियम मोडकळीला आलं, कंत्राटदाराला द्यायला पैसे नव्हते. मग दोन हजारांहून अधिक चाहते फावडी घेऊन आले. कुणी सुतार, कुणी कारकून, कुणी नोकरी गेलेला. सुमारे १ लाख ४० हजार तास काम करून त्यांनी पायऱ्या ओतल्या, छप्पर चढवलं. २२ हजारांच्या त्या मैदानात खुर्च्या जेमतेम साडेतीन हजार. बाकी सगळी उभ्याची जागा. २०१९ मध्ये क्लब पहिल्यांदा बुंडेसलिगात पोहोचला. पहिल्या सामन्याला लोक आपल्या वारलेल्या आईबापांचे, मित्रांचे मोठे फोटो घेऊन आले, कारण त्यांनी हा दिवस पाहायचा राहिला होता. ते फोटो उंचावलेले हात पाहताना माझा तरी गळा भरून येतो. समोर एका पेय कंपनीनं उभा केलेला लाइपझिगचा संघ होता. त्याच्या निषेधात हे स्टँड पंधरा मिनिटं चिडीचूप राहिले.

(दृश्य: पोर्टलंड, ओरेगन. प्रॉव्हिडन्स पार्क.)

अमेरिकेत क्लब म्हणजे मालकाचा धंदा, आणि मालक तो उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. १९९६ मध्ये एमएलएस ही तिथली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा घड्याळ उलटं चालायचं आणि बरोबरी नको म्हणून वेगळीच शूटआउट ठेवली होती. प्रेक्षक आपला नाही, तो कमवायचाय, असं लीगला वाटत होतं. प्रत्यक्षात जगभरच्या स्टँडचा अभ्यास करून आलेली पोरं तिथं आधीपासून उभी होती.

२०१७ मध्ये ओहायोतल्या कोलंबसचा क्रू संघ टेक्ससमधल्या ऑस्टिनला न्यायचा मालकाचा विचार बाहेर आला. चाहत्यांनी वर्षभर मोर्चे काढले, दारोदार फिरले. क्लब हलवण्याआधी तो स्थानिकांना विकत घ्यायची संधी द्यावी असा राज्याचा एक जुना कायदा होता, त्याच्या जोरावर सरकारी वकील कोर्टात गेले. २०१८ संपता संपता नवे मालक मिळाले, क्लब राहिला. दोन वर्षांनी, कोरोनाच्या बंधनांमुळे अवघ्या १,५०० प्रेक्षकांसमोर, त्यानं विजेतेपद पटकावलं. नव्या स्टेडियममध्ये उत्तरेकडे उभ्यानं सामना बघायचा स्टँड आहे. त्याचं नाव चाहत्यांनी जर्मन ठेवलंय, नॉर्डेके.

पोर्टलंड हे लाकूडतोड्यांचं शहर. इथल्या टिंबर्स संघानं गोल केला की मैदानालगत ठेवलेल्या ओंडक्यावर एक माणूस यांत्रिक करवत चालवतो, भुसा उडतो, आणि कापलेली चकती सामन्यानंतर गोल करणाऱ्याच्या हातात देतात. उत्तरेकडच्या स्टँडवर ‘टिंबर्स आर्मी’ उभी असते.

२०१९ मध्ये लीगनं स्टेडियममध्ये राजकीय चिन्हांवर बंदी घातली आणि तीन बाणांचं एक चिन्ह त्या बंदीत सापडलं. ते ‘आयर्न फ्रंट’चं चिन्ह, १९३०च्या दशकात जर्मनीत नाझींना रस्त्यावर विरोध करणाऱ्यांचं. चाहते म्हणाले, फॅसिझमला विरोध ही माणुसकी आहे, पक्षाचं राजकारण नाही.

२३ ऑगस्ट २०१९. पाहुणे सिएटल, म्हणजे हाडवैरी. सामना सुरू झाला आणि दोन्हीकडचे स्टँड गप्प. ढोल नाही, गाणं नाही. पहिली ३३ मिनिटं. आयर्न फ्रंटवर नाझींनी १९३३ मध्ये बंदी घातली होती, म्हणून ३३. एकमेकांना शिव्या घालायला शेकडो मैल प्रवास करणारे दोन गट एकाच घड्याळाकडे बघत उभे होते. आणि ३३वं मिनिट संपताच उत्तर स्टँडवर ढोल वाजला, पाठोपाठ हजारो गळे उघडले, आणि कोपऱ्यातल्या सिएटलवाल्यांनीही आपलं गाणं लावलं.

सप्टेंबरमध्ये लीगनं चाहत्यांच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलावलं आणि तीन बाणांवरची बंदी उठवली.