जिप्सीचे पाटे: उंचीआधी लवचिकपणा

मित्रहो, पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर बसलेल्या गाडीविषयी बोलायला उभे राहिले की पहिला प्रश्न हमखास येतो तो गाडी किती इंच उचलता येईल हा. मी आज त्याचे उत्तर जरा उशिराच देणार आहे, कारण गाडी उंच करणे आणि चाक जमिनीला टेकलेले ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि डोंगरातल्या वाटेवर आपल्याला बहुतेक वेळा दुसऱ्याचीच गरज असते.

डिसेंबर 1985 मध्ये आलेल्या मारुती जिप्सीला चारही चाकांवर पाटे आणि पुढे-मागे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे अखंड ॲक्सल आहेत. अखंड ॲक्सलची खुबी अशी, की एक चाक दगडावर चढले की दुसरे आपसूक खाली रेटले जाते. मात्र पाटे ताठ असतील तर गाडीच कलते, दुसरे चाक अधांतरी राहते आणि दोन्ही चाकांना इंजिनचा जोर वाटून देणारा साधा डिफरन्शियल त्या रिकाम्या चाकालाच गरगर फिरवत बसतो.

हा ताठपणा कशावर ठरतो ते नीट पाहू. पाट्यांची संख्या आणि रुंदी यांच्या तो सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे 6 मिलिमीटरच्या जागी 7 मिलिमीटर जाडीचा पाटा बसवला तर तो एक पाटा सुमारे 59 टक्के अधिक ताठ होतो. उलट लांबी 10 टक्क्यांनी वाढवता आली तर ताठपणा साधारण पाव हिश्शाने उतरतो. ‘जाड पाटे म्हणजे मजबूत गाडी’ हा गॅरेजमधला समज म्हणूनच महागात पडतो. हलक्या गाडीत मागच्या जुडग्यातला एखादा पाटा काढणे हा स्वस्त उपाय खरा, मात्र मेन पाट्याच्या डोळ्याला, म्हणजे टोकाच्या वळवलेल्या कडीला, आधार देणाऱ्या दुसऱ्या पाट्याला हात लावू नये, आणि पाटा काढल्यावर गाडी थोडी बसते हेही धरून चालावे.

याहीआधी करण्याचे काम म्हणजे पाटे उघडून साफ करणे. पावसाळ्यातला चिखल पाट्यांमध्ये शिरतो, गंज धरतो, आणि एकमेकांवरून सरकायला हवेत ते पाटे जखडून जातात. अशी गाडी कडक लागते आणि मालक नवे पाटे शोधत फिरतो! घर्षण कमी झाले की गाडीची उसळी आवरण्याचे काम शॉक ॲब्झॉर्बरवर येते, तेव्हा तेही तपासावेत.

आता उंचीकडे वळू. शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी, 2 इंचांनी लांब केली तर ॲक्सल पाट्याच्या मधोमध असल्यामुळे गाडी जेमतेम 1 इंच उठते, आणि पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असेल तर ॲक्सल फिरून कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, घटतो, स्टिअरिंग सरळ रेषेत परतायला कुरकुर करते. पाटे ॲक्सलखालून काढून वर बसवले तर जिप्सी सुमारे 5 इंच उचलली जाते आणि पाटे ॲक्सलला आवळून धरणारे, खाली लोंबणारे यू-बोल्टही दगडांपासून सुटतात. पण नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, ब्रेकचे होज अपुरे पडतात, ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, स्टिअरिंगचा दांडा तिरका होऊन खड्ड्यात चाक आपोआप वळू पाहते, आणि जोर देताच ॲक्सल पाट्यांना पीळ घालतो. एवढे करूनही डिफरन्शियल जमिनीपासून होता तिथेच राहतो; त्याला वर नेतो तो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच.

कलंडण्याचा हिशेबही करावा. चाकांमधले अंतर 1300 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य समजा 650 मिलिमीटरवर असेल, तर निम्म्या अंतराला त्या उंचीने भागून 1 येतो; हा आकडा जितका कमी, तितकी गाडी कलंडायला सोपी. गुरुत्वमध्य 125 मिलिमीटर वर गेला की तोच आकडा 0.84 होतो. खुद्द कंपनीने 1993 मध्ये जिप्सीच्या चाकांमधले अंतर 90 मिलिमीटरने वाढवले होते, हे उंचीच्या हौशी मंडळींनी ध्यानात घ्यावे. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे बंधन आहेच.

काही बदल केलाच, तर यू-बोल्ट नवे वापरा, जुने ताणलेले असतात. आणि गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालली की तिच्या चारही चाकांचे भार जमिनीवर असतानाच ते पुन्हा आवळा.