लोह उशाला, कोरड मुळांना

(जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर इथे केळी उत्पादक आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, रावेर-यावलच्या पट्ट्यात जमिनीतलं लोह सोडवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर बोलायचं तर केळीच्या पोंग्यापासून सुरुवात करू. नवा पोंगा उलगडतो तोच पिवळट. शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग फिकट होत होत पांढुरका पडतो. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. हे दिसलं की आपल्याकडे पहिला हात युरियाच्या गोणीकडे जातो. नत्र कमी पडलं तर आधी जुनं पान पिवळं पडतं, कारण झाड तिथलं नत्र काढून नव्या पानाला देतं. लोह तसं सहजी हलवता येत नाही. त्यामुळे नवं पान पिवळं आणि जुनं हिरवं दिसलं तर आधी लोहाचा संशय घ्या. हरण्या या विषाणूजन्य रोगाचे पट्टे निराळे असतात. ते शिरांच्या शिस्तीत बसत नाहीत, तुटक आणि वेडेवाकडे दिसतात. तिथे लोह देऊन काही उपयोग नाही.

आता जमिनीकडे या. आपली काळी माती बेसॉल्ट खडकापासून झालेली, म्हणजे लोहाची श्रीमंत. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण 9 लाख किलो भरतं. त्यात 3 टक्के लोह धरलं तरी ते 27,000 किलो होतं. केळीच्या एका पिकाला लागतं ते काही किलोंच्या हिशेबात. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात, ते इथे शब्दशः खरं आहे.

असं का होतं? हवा खेळती असलेल्या जमिनीत लोह फेरिक, म्हणजे गंजासारख्या रूपात असतं आणि ते रूप पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सामू, म्हणजे जमिनीचा पीएच, एका अंकानं वाढला की विरघळलेलं फेरिक लोह सुमारे हजारपटीनं घटतं. सामू 6 च्या जमिनीत जे हाताशी असतं, त्याचा 8 ला दहा लाखांतला एक भाग उरतो. तापीकाठच्या कित्येक शेतांत चुनखडी आहे, सामू 8 च्या वर आहे. त्यात विहिरीचं बायकार्बोनेटचं पाणी भरमसाट दिलं की मुळांभोवतीचा सामू खाली येऊच शकत नाही. म्हणून सांगतो, पिवळ्या पडलेल्या बागेत पाणी वाढवू नका. वाफसा येऊ द्या. खर्च शून्य, आणि बऱ्याचदा निम्मं काम तेवढ्यानंच होतं.

झाडंही गप्प बसत नाहीत. ज्वारी, गहू, मका ही गवताची जात मुळांतून लोह पकडणारं द्रव्य सोडते. ते लोहाला धरतं आणि मुळं ती जोडी अख्खी आत ओढून घेतात. केळी एकदल असली तरी गवताच्या कुळातली नाही. ती मुळाजवळ आम्ल सोडते आणि फेरिक लोहाचं फेरस, म्हणजे विरघळणारं रूप करून घेते. चुनखडी नेमकी हीच वाट अडवते. आम्ल सोडावं आणि चुन्यानं ते तिथल्या तिथे मारून टाकावं. एकाच बांधाच्या दोन बाजूंना ज्वारी बरी आणि केळी पिवळी दिसली, तर त्यामागे हे कारण असू शकतं.

आता आजचा खरा विषय. मातीतल्या जिवाणूंनाही लोह लागतंच, आणि अडचणही हीच. त्यांनी त्यावर जे उत्तर काढलं आहे ते मला जीवरसायनशास्त्रातलं सर्वांत देखणं उत्तर वाटतं. ते सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू बाहेर सोडतात. हा रेणू सहा ठिकाणांनी लोहाच्या अणूला मिठी मारतो, चुनखडीतून, गंजातून त्याला सोडवतो आणि विरघळलेल्या रूपात फिरवतो. जिवाणूच्या भिंतीवर नेमका त्याच जोडीला ओळखणारा दरवाजा असतो. आतड्यातला ई. कोलाय जो एंटेरोबॅक्टिन बनवतो, त्याची पकड इतकी घट्ट की बंधाचा स्थिरांक 10 च्या 49 व्या घाताच्याही पुढे मोजला गेला आहे. आपल्या मुळांभोवती राहणारा स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स पायोव्हर्डिन बनवतो. पिवळसर हिरवं रंगद्रव्य. अतिनील दिव्याखाली नळी धरली की ते चमकतं.

विद्यार्थ्यांनो, हा प्रयोग तुमच्या महाविद्यालयातही करता येतो. 1987 साली श्विन आणि नीलँड्स यांनी सिडेरोफोर ओळखायची सीएएस चाचणी दिली. क्रोम अझुरॉल एस हा रंग लोहाशी बांधलेला असताना गडद निळा दिसतो. तो अगारमध्ये घालून प्लेट ओतायची आणि मध्यभागी जिवाणूचा ठिपका ठेवायचा. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. मग ठिपक्याच्या कडेला नारिंगी रेघ उमटते आणि हळूहळू वर्तुळ होऊन पसरते. जिवाणूनं रंगाकडून लोह हिसकावून घेतलं, म्हणून निळा नारिंगी झाला. मात्र काचेची भांडी आधी हायड्रोक्लोरिक आम्लानं धुऊन निर्लोह करा. नळाच्या पाण्यातलं लोह माध्यमात शिरलं तर जिवाणू सिडेरोफोर बनवायचंच थांबवतो. आयतं मिळत असेल तर तो कशाला खर्च करील?

जळगावच्या आपल्या विद्यापीठाची स्थापना 1990 ची. तिथल्या जीवशास्त्र प्रशाळेत सिडेरोफोरवर वर्षानुवर्षं काम झालं आहे, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे. आपल्या मातीच्या प्रश्नावर आपल्याच जिल्ह्यात संशोधन व्हावं, यापेक्षा चांगलं काय असतं?

सिडेरोफोरचा दुसरा फायदा रोगांविरुद्ध. केळीचा मर रोग फ्युजेरियम बुरशीमुळे येतो. त्याचा टीआर-4 हा प्रकार बिहारमध्ये आढळला आहे आणि आपल्या ग्रँड नैन या केळीच्या जातीला तो सोडत नाही. एकदा जमिनीत शिरलेली ही बुरशी वर्षानुवर्षं टिकते. बुरशीलाही लोह लागतं. पायोव्हर्डिननं आसपासचं लोह ताब्यात घेतलं की तिची उपासमार होते. क्लोपर आणि सहकाऱ्यांनी 1980 साली हे सिडेरोफोरचं काम म्हणून मांडलं. पण जिवाणू टाकले म्हणजे टीआर-4 अडला, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. बाहेरचे मुनवे आणि बाहेरची माती बागेत न येऊ देणं हाच आजचा खरा बचाव आहे. जिवाणू त्याला जोड देतात, तेवढंच.

वैद्यकातला एक उपयोग सांगून पुढे जातो. थॅलेसेमियाच्या मुलांना सतत रक्त द्यावं लागतं. रक्ताच्या एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात आणि यकृतात साचतं. डेफेरॉक्सामिन हे औषध ते बाहेर काढतं. हा मुळात स्ट्रेप्टोमायसिस पिलोसस या मातीतल्या जिवाणूचा सिडेरोफोर. मातीत भाकरी शोधणाऱ्या जिवाणूच्या रेणूनं 1960 च्या दशकापासून माणसांची लेकरं जगवली आहेत.

आता जिवाणू खताच्या पाकिटाकडे येतो, कारण शेतकऱ्याच्या हाती प्रयोगशाळा येत नाही, पाकीट येतं. रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांसारख्या जिवाणू खतांना खत नियंत्रण आदेशानुसार एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात, द्रवरूपात एका मिलिलिटरमध्ये 10 कोटी. स्यूडोमोनास आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी रोगनियंत्रणासाठी विकायचे तर कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. पाकिटावर नोंदणी क्रमांक आणि मुदत बघा. पण कागदावर सगळं बरोबर असूनही आत मढं असू शकतं. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सला 25 ते 30 अंश मानवतात. तो बीजाणू करत नाही. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या गोदामात काय होत असेल याचा विचार करा. तिथे महिनाभर पडलेल्या पाकिटात जिवाणू कमी आणि भुकटीच जास्त. शेतकरी म्हणतो, टाकून पाहिलं, फरक पडला नाही. त्याचं चुकत नाही.

मग आपल्या उन्हात तगणारे जिवाणू आपल्याच मातीतून निवडावेत, हे ओघानं आलं. इथे विद्यार्थ्यांना एक कळकळीची सूचना. 42 अंशांवर प्लेट ठेवली आणि हिरवट रंग सोडणारा, सीएएसवर मोठं नारिंगी वर्तुळ देणारा जिवाणू मिळाला की आनंद होतो. तो बहुधा स्यूडोमोनास एरुजिनोसा असतो. भाजलेल्या रुग्णांच्या जखमांमध्ये शिरून जीव घेणारा हाच. 16 एस या जिवाणूची जात ओळखायच्या जनुकावरून ओळख पटल्याशिवाय असा वाण शेतात नेऊ नका, प्रकल्पातही नको. माझं स्पष्ट मत असं की खान्देशासाठी बॅसिलसकडे जास्त लक्ष द्यावं. तो सिडेरोफोर बनवतो आणि बीजाणू करून उष्णताही सोसतो. चमकणाऱ्या नळीचं आकर्षण त्यात नाही, पण पाकिटात तो जिवंत राहतो.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, याबद्दल काहींनी मघाशी विचारलं. हिराकस नुसता चुनखडीच्या जमिनीत फेकला तर त्यातलं फेरस लोह बघता बघता फेरिक होऊन बसतं. कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा ठेवून, पंधरा दिवस सावलीत मुरवून द्या. शेणखतातली आम्लं लोहाला धरून ठेवतात. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं लोह घेणार असाल तर धरणारा रेणू पाकिटावर ईडीटीए आहे की ईडीडीएचए, ते वाचा. सामू 7 च्या वर ईडीटीएची पकड सुटते. ईडीडीएचए महाग, पण आपल्या सामूला तोच टिकतो. पानांवर फवारायचं तर ईडीटीए चालतं.

आणि ठिबकमधून जिवाणू सोडणाऱ्यांनी एवढं पाळावं: नळ्या आम्लानं किंवा क्लोरीननं धुतल्या असतील तर आधी साधं पाणी भरपूर सोडा, जिवाणू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्या. टाकीत तांब्याचं बुरशीनाशक कालवलेलं असेल तर त्यात ते मुळीच घालू नका.