संप मिटला, मग विमान का उडत नाही?

मंडळी, संप मिटल्याची बातमी आली की विमानतळावर ताटकळणाऱ्या माणसाला वाटतं, चला, सुटलो! प्रत्यक्षात त्याचा खोळंबा पुढे आठवडाभर चालू शकतो. ऑगस्ट २०२५मध्ये एअर कॅनडाच्या १०,०००हून अधिक केबिन क्रूचा संप १६ तारखेला सुरू झाला आणि १९ तारखेला मिटला. पण कंपनीने १४ तारखेपासूनच उड्डाणं कमी करत आणली होती, आणि संप मिटल्यावर वेळापत्रक पूर्ववत व्हायला सात ते दहा दिवस लागतील असं सांगितलं. तीन दिवसांचा संप आणि जवळपास दोन आठवड्यांचा घोळ.

आधी उड्डाणं का रद्द करतात? कॅनडात संपाआधी ७२ तासांची नोटीस द्यावी लागते. त्या मुदतीत विमानं आणि कर्मचारी परदेशी अडकू नयेत, म्हणून लांबच्या फेऱ्या सर्वात आधी कापल्या जातात. गेलेलं विमान परत आणायला क्रू मिळेल याची खात्री नसेल तर ते पाठवायचंच कशाला?

नंतरचा उशीर हा साध्या अंकगणिताचा भाग आहे. १८० आसनांचं विमान धरा. उद्याच्या फेरीची १५० तिकिटं आधीच विकली गेली आहेत, म्हणजे रिकाम्या जागा ३०. आज रद्द झालेल्या एका फेरीचे १५० प्रवासी त्या ३०-३० जागांत बसवायचे तर पाच फेऱ्या लागतात. अशा रद्द फेऱ्या शेकड्यांनी असतात. ज्याचं तिकीट उद्याचं आहे तो उद्या जातो आणि कालचा माणूस रांगेतच राहतो. हे अन्यायाचं दिसतं, पण उद्याच्याला उठवून कालच्याला बसवलं तर रांग तेवढीच राहते, फक्त माणसं बदलतात.

त्यात क्रूचं गणित वेगळंच. युरोपातल्या नियमानुसार दर ५० आसनांमागे किमान एक केबिन क्रू लागतो. १८० आसनांना चार. तिघेच आले तर नेहमीसारखं भरलेलं विमान सोडता येत नाही. वैमानिकालाही ज्या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण आहे, तेच चालवता येतं. शिवाय ड्युटीचे तास मोजलेले असतात, आणि ते उड्डाणापासून नाही, तर कामावर हजर झाल्यापासून. गेटवर चार तास थांबलेला क्रू ते चार तास खर्चूनच बसलेला असतो. म्हणून ‘विमान समोर उभं आहे, वैमानिकही दिसतोय, तरी उडत नाही’ हे चित्र दिसतं. काउंटरवरच्या माणसावर ओरडून ते तास परत येत नाहीत.

यामुळेच उघड संप न करताही कंपनी अडते. सामूहिक आजारपणाची रजा, सुट्टीच्या दिवशी जादा ड्युटी नाकारणं, नियमावर बोट ठेवून काम. वेळापत्रक इतकं घट्ट बांधलेलं असतं, की थोडी माणसं कमी झाली तरी ते उसवतं. प्रवाशाच्या दृष्टीने हाच प्रकार जास्त वाईट, कारण याची नोटीस नसते.

आता पैशांचं. इथे संप कोणाचा, हा पहिला प्रश्न. युरोपात २००४च्या नियम क्रमांक २६१नुसार रद्द उड्डाणासाठी अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मिळू शकते, मात्र १४ दिवस आधी कळवलं असेल तर नाही. कंपनीच्याच वैमानिकांचा संघटनेने पुकारलेला संप ही ‘असाधारण परिस्थिती’ नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने २०२१मध्ये ठरवलं. हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप असेल तर मात्र सहसा भरपाई नाही. कॅनडाचा नियम उलटा आहे. तिथे कंपनीतला संपही कंपनीच्या हाताबाहेरचा मानतात, भरपाई देत नाहीत. पण मोठ्या कंपनीला ४८ तासांत आपल्या विमानात जागा देता आली नाही, तर दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढून द्यावं लागतं. भारतातल्या नियमांतही संप हे भरपाईतून सुटकेचं कारण आहे. मला विचाराल तर युरोपाची भूमिका रास्त आहे: पगाराची बोलणी हा कंपनीच्या रोजच्या कारभाराचाच भाग आहे.

जेवण, हॉटेल ही सोय भरपाईहून वेगळी. युरोपात ती संप कोणाचाही असला तरी द्यावी लागते. मात्र पर्यायी विमानाऐवजी परतावा घेतलात की ती जबाबदारी तिथेच संपते. घाबरून परताव्याचं बटण दाबणारे इथे फसतात: हातात जुन्या भावाचे पैसे येतात आणि नवं तिकीट संपाच्या भावाने घ्यावं लागतं.

नोटीस लागताच तिकीट स्वतः रद्द करू नका. रद्द कंपनीला करू द्या. बहुतेक कंपन्या या काळात तारीख फुकट बदलून देतात, ती संधी पहिल्याच दिवशी घ्या. कनेक्टिंग प्रवास वेगवेगळ्या तिकिटांवर असेल, तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. जाण्याचा टप्पा परस्पर दुसऱ्या मार्गाने केलात, तर कंपनी परतीचं तिकीटही रद्द करू शकते. तेव्हा आधी लेखी कळवून ते राखून ठेवा. प्रवास विमा संपाची बातमी फुटल्यावर काढला तर सहसा त्या संपाला लागू होत नाही. आणि सामान चेक-इन केल्यावर उड्डाण रद्द झालं, तर टॅग क्रमांकाचा फोटो काढल्याशिवाय काउंटर सोडू नका. बॅगा उतरवणारी माणसंही त्या दिवशी कमीच असू शकतात.