तीन हजार पेशींचा संसार

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एक निळी फाइल आहे. तिच्यात रक्ततपासणीचे एक्केचाळीस कागद आहेत. स्तनाच्या कर्करोगावरचे माझे उपचार संपून आता तीन वर्षं होतील. शस्त्रक्रिया झाली, केमोच्या लाल औषधाचे चार डोस झाले, मग दुसऱ्या औषधाचे बारा आठवडे, मग पंधरा दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. शेवटच्या शेकाच्या दिवशी घरी पेढे आले. शेजारपाजारचे म्हणाले, सुटलीस बाई एकदाची. मलाही तसंच वाटलं होतं.

पण त्या फाइलमधले निम्म्याहून जास्त कागद पेढ्यांनंतरचे आहेत. पांढऱ्या पेशी २,९००. तीन महिन्यांनी ३,२००. पुन्हा २,८००. असायला हव्यात ४,००० ते ११,०००. हिमोग्लोबिन दहाच्या आत. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट सव्वा लाखाच्या खाली, त्या दीड लाख तरी हव्यात. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं, आणि भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'आता छान दिसतेस हं!' केस परत आले होते ना. रक्त कुणाला दिसतं?

केमो चालू असताना पेशी उतरतात, हे आम्हा सगळ्या जणींना ठाऊक असतं. डोस घेतल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या तळाला जातात आणि एकविसाव्या दिवसापर्यंत वर येतात. म्हणून तर पुष्कळ औषधांचे डोस एकवीस-एकवीस दिवसांनी असतात. वर आल्या नाहीत तर डोस पुढे जातो, किंवा पेशी वाढवायचं इंजेक्शन मिळतं. ते घेतल्यावर कंबर आणि पाठ अशी ठणकते की कूस बदलवत नाही. मोठ्या माणसाचं रक्त तयार होतं ते कमरेच्या हाडांत, मणक्यांत, छातीच्या हाडात, बरगड्यांत. तिथला मगज, म्हणजे बोन मॅरो, एकाएकी जोराने कामाला लागतो, ते दुखणं असतं. हे कळल्यावर मला ते सोसायला सोपं गेलं.

माझ्या मनात मात्र निराळंच काही घर करून होतं. वाटायचं, माझंच शरीर कमकुवत, माझंच खाणंपिणं चुकलं. मग मुलाने मला एक गोष्ट सांगितली. डिसेंबर १९४३. इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तिथल्या एका अमेरिकन जहाजात मस्टर्ड वायूचा गुप्त साठा होता. तो फुटला. जखमींना तपासायला आलेल्या डॉ. स्ट्युअर्ट अलेक्झांडर यांना दिसलं, की या लोकांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होताहेत. त्याच्या आदल्याच वर्षी येल विद्यापीठात या वायूच्या भावंडातलं एक रसायन कर्करोगाच्या रुग्णाला देऊन पाहिलं होतं. केमोची सुरुवात ती. मला लाल औषधाबरोबर मिळालेलं सायक्लोफॉस्फामाइड त्याच कुळातलं. म्हणजे पेशी कमी करणं हा त्या औषधाचा जन्मापासूनचा गुण. केमोत पेशी उतरल्या, त्यात माझ्या आहाराचा काही दोष नव्हता. त्या दिवशी मी पोटभर रडले, आणि मग मोकळी झाले.

आहाराचं निघालंच आहे तर सांगते. वन्संनी माझ्यासाठी काय काय केलं! बिटाचा रस, डाळिंब, खजूर, अळिवाचे लाडू. ते सगळं चांगलंच आहे, लोह कमी असेल तर उपयोगाचंही आहे. पण बीट खाऊन पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. लाल रंगाचं खाल्लं की रक्त वाढतं, हा आपला जुना समज. पपईच्या पानांचा रस मी नाक दाबून प्यायले. गुळवेल दोन महिने घेतली, आणि पुढच्या तपासणीत यकृताचे आकडे चढलेले निघाले. डॉक्टरांनी ती त्याच दिवशी बंद करायला लावली. गुळवेल घेणाऱ्या काही माणसांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवून ठेवलेलं आहे, हे मला तेव्हा कळलं. वन्संनी मायेने दिलं होतं, त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. तुम्ही एवढंच करा, जे काही घेताय ते डॉक्टरांना सांगा. लपवू नका.

आता मुख्य गोष्ट. पहिले आठ-नऊ महिने मला सगळीकडे एकच उत्तर मिळालं, 'केमोमुळे असेल, येतील हळूहळू.' येतातही, बऱ्याच जणींच्या येतात. माझ्या येत नव्हत्या. मग मी एके दिवशी सगळे कागद तारखेप्रमाणे लावले आणि सरळ विचारलं, की डॉक्टर, अजून कशामुळे असं होऊ शकतं?

तपासण्या झाल्या. आमचं घर माळकरी. लग्न होऊन आले तेव्हापासून अंडंसुद्धा नाही. प्राण्यांपासूनच्या अन्नातून मिळणारं बी-बारा जीवनसत्त्व दोनशेच्या वर हवं, माझं १४० निघालं. केमोने थकलेल्या मगजाला कच्चा मालच मिळत नव्हता. इंजेक्शनं सुरू झाली. चार-पाच महिन्यांत हिमोग्लोबिन ११.८ वर आलं, प्लेटलेट दीड लाखाला टेकल्या. जिना मी एका दमात चढायला लागले. कुणाला लोह कमी असतं, कुणाला थायरॉइड असतं, कुणाच्या दुसऱ्या एखाद्या गोळीमुळे पेशी उतरतात. शोधल्याशिवाय कळत नाही.

पांढऱ्या पेशी मात्र तिथेच राहिल्या. मग रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिलं आणि मगजाची तपासणी सांगितली. का, तर केमोच्या काही औषधांनी पुढे काही वर्षांनी मगजच बिघडल्याची उदाहरणं असतात. फार थोडी, पण असतात. त्या आठवड्यात मला झोप लागली नाही, हे खरं सांगते. कुशीवर झोपवून कमरेच्या हाडापाशी भूल देतात. सुई हाडात जाताना दाब कळतो. आतला मगज ओढून घेतात तेव्हा पायापर्यंत एक विचित्र ओढ जाते, दहा-पंधरा सेकंदांची. हे माझ्या हाताशी बसले होते. नंतर म्हणाले, 'माझी बोटं मोडायची बाकी ठेवलीस.'

अहवाल स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, 'मावशी, गिरणी चालू आहे. आधी तीन पाळ्यांत चालायची, आता दोन पाळ्यांत चालते. कदाचित अशीच चालेल.'

त्यांनीच मला कागद वाचायला शिकवलं. एकूण पांढऱ्या पेशींपेक्षा त्यांच्यातल्याच न्यूट्रोफिल पेशी बघायच्या. जंतूंशी पहिली लढाई त्या करतात. एकूण २,८०० आणि त्यात न्यूट्रोफिल ४८ टक्के, म्हणजे झाल्या १,३४४. दीड हजाराच्या खाली कमी म्हणायच्या, पाचशेच्या खाली गेल्या तर मोठा धोका. माझ्या १,३४४ म्हणजे थोड्याशाच कमी.

आणि मी काय करून बसले होते? भाचीच्या लग्नाला गेले नव्हते. संक्रांतीचं हळदीकुंकू दोन वर्षं बंद. नातवाच्या बारशाला मी आतल्या खोलीत, दार लावून. पाळणा दारापलीकडून ऐकला. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खुर्चीत पुढे झाले. 'घरात बसायला कुणी सांगितलं?' मी म्हटलं, तुम्हीच नाही का म्हणालात, पेशी कमी आहेत? 'पेशी कमी आहेत म्हणालो. बारशाला जाऊ नका असं कधी म्हणालो?'

ते बारसं मला परत मिळणार नाही. म्हणून कळकळीने सांगते, आपल्या आकड्याला काय चालत नाही हे जसं विचारता, तसं काय चालतं हेही विचारून घ्या. उत्तर प्रत्येकीचं वेगळं असेल. ज्या बहिणी स्तनाच्या कर्करोगावर पॅल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिबच्या गोळ्या घेतात, त्यांच्या पेशी गोळ्यांमुळेच कमी राहतात. डॉक्टर ते धरूनच चालतात, लागेल तसा डोस कमी-जास्त करतात. आकड्याला भिऊन गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

तापाच्या बाबतीत मात्र थांबायचं नाही. तिसऱ्या डोसनंतर दहाव्या रात्री मला १०१ ताप होता. एवढ्या रात्री कुणाला उठवायचं, म्हणून मी पॅरासिटामॉल घेतलं. ताप उतरला, मी झोपले. सकाळी उभंच राहता येईना. न्यूट्रोफिल होत्या ३००. शिरेतून पाच दिवस अँटिबायोटिक द्यावं लागलं. गोळीने ताप झाकला होता, आत जंतू वाढत होते. केमो चालू असेल किंवा पेशी फार खाली असतील तर ताप आधी मोजा, गोळी मग. काटा १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघा. दवाखान्यात पोचल्याबरोबर सांगा की केमो चालू आहे. तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर टाचणीएवढे लाल ठिपके उठले असतील, शौचाला काळं होत असेल, तर प्लेटलेट घसरल्या असतील. तेव्हाही जायचं. आणि विचारल्याशिवाय अंगदुखीची कुठलीही गोळी नाही, कारण त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो.

गेल्या आषाढीला मी वाखरीपासून पंढरपूरपर्यंत चालले. शेवटचा टप्पा, दोन तासांचा. डॉक्टरांना विचारून, तोंडाला मास्क, घरचं उकळलेलं पाणी खांद्याला. त्याच महिन्यातला कागद फाइलमध्ये आहे, पांढऱ्या पेशी ३,१००. सूनबाईने त्याच्यावर पेन्सिलने लिहून ठेवलंय, 'वाखरी'.

येत्या मंगळवारी बेचाळिसावी तपासणी आहे. केमोने शिरा कडक झाल्यात, रक्त काढायला उजवाच हात चालतो. तिथला मुलगा आता मला ओळखतो. मूठ घट्ट करायला सांगायच्या आधीच मी केलेली असते.

नमस्कार.