पलटणीतल्या आजोबांचा शोध

नमस्कार श्रोतेहो. आपले आजोबा, चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेले होते, एवढं पुष्कळ घरांत ठाऊक असतं. कुठल्या मुलखात, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. शोध घ्यायचा तर तीन गोष्टी हाताशी हव्यात: नंबर, पलटण आणि गाव. परत सांगतो. नंबर, पलटण, गाव.

नंबर डिस्चार्जच्या कागदावर असतो, पेन्शन बुकात असतो, पुष्कळदा पदकावरही असतो. 2019 आणि 2021 च्या महापुरातून जे कागद वाचलेत, ते कृपा करून लॅमिनेट करू नका. आणि जाता जाता बोलतोच. नातवाच्या वाढदिवसाला चौकात वीस फुटी फ्लेक्स, आणि आजोबांचं पेन्शन बुक माळ्यावर उंदरांच्या हवाली, हे काही मला पटत नाही. असो.

आता चंदगड तालुक्यातल्या एका घरची गोष्ट. ओळखीच्या एका मुलाबरोबर मी तिथं गेलो होतो. देव्हाऱ्यात टाकांच्या ओळीत सहा टोकांचा एक धातूचा तारा, हळदकुंकवानं माखलेला. आजी माहेरच्या कागलकडच्या. म्हणाल्या, "ह्यो आमचा सूर्यनारायण. मी नांदायला आलो तवापास्नं पुजतोय." तो तारा म्हणजे युद्धातलं पदक होतं हो! फीत कधीच गेलेली, नाहीतर तिच्या लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवरनंच ओळखलं असतं. दर दसऱ्याला चिंच लावून घासून समोरची अक्षरं बोथट झालेली. आजींची परवानगी काढून तारा पालथा केला, साबणाच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून हळूहळू कुंकू काढलं. आधी शिपायाचं नाव दिसलं, मग 'मराठा', मग नंबर. नंबराचे शेवटचे दोन आकडे मात्र गेलेले.

आजींच्या सासऱ्यांचे हे धाकटे भाऊ. घरात सगळे सांगायचे, बर्मात गेला. नातवानं मोबाईलवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी काढली. युद्धात कामी आलेल्यांची ही यादी फुकट बघता येते. त्याच नावाचे कितीतरी शिपाई! पुढं 'कोल्हापूर' घातलं, तर एकही नाही. पोरगं हिरमुसलं. तेवढ्यात आजीच म्हणाल्या, "आरं, तवा आमची कचेरी बेळगावात हुती की!" अगदी बरोबर. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. 'बेळगाव' घातलं आणि निघाला की माणूस! बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं. नोव्हेंबर 1943, इटली. सांग्रो नदीच्या लढाईत मराठा पलटण होती. ज्या हिंदी सैनिकांना तिकडं अग्नी दिला, त्यांची नावं तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत, त्यांत यांचं नाव.

आजींनी इटली कुठं आहे ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "तारीख हाय न्हवं? मग तिथी काढा." इतकी वर्षं त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येलाच होत आलं होतं. नातवानं त्याच संध्याकाळी भटजींना फोन केला.

वेळ संपत आली, म्हणून बाकीचं पटकन. ध्यानात ठेवा, जुनं गाव कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या संस्थानात होतं ते आधी बघा. कोल्हापूरसुद्धा 1949 पर्यंत संस्थानच होतं. आणि कमिशनच्या यादीत फक्त गेलेल्यांची नावं असतात. जे परत आले, पेन्शन खाऊन घरी वारले, त्यांच्यासाठी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं, किंवा आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारायचं. पत्रात काय लिहाल? नंबर, पलटण, गाव. आणि पदक सापडलं तर आधी मागच्या बाजूचा फोटो काढा, चिंच नंतर.