ताडोबाला जाण्यापूर्वी

येत्या मे महिन्यात आपल्यापैकी बरेच जण ताडोबाला जाणार आहेत, म्हणून आजचा विषय मी मुद्दाम तेवढ्यापुरता ठेवला आहे. अशा सभांमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, आणि आजही तो चिठ्ठीवर लिहून आलाच आहे: उघड्या जिप्सीवर वाघ झेप घेत नाही का?

ताडोबाच्या पर्यटन क्षेत्रातले वाघ लहानपणापासून गाड्या पाहत वाढतात. त्यांच्या लेखी गाडी हे भक्ष्यही नसते आणि प्रतिस्पर्धीही नसतो, आणि आपण आत शांत बसून आहोत तोवर आपणही त्या गाडीतच जमा असतो. मात्र कोणी आसनावर उभा राहिला, फोटोसाठी बाहेर झुकला किंवा उडालेली टोपी उचलायला खाली उतरला, की त्या गाडीतून एक माणूस वेगळा काढून आपणच वाघासमोर ठेवतो. हा फरक केवढा आहे, हे नोव्हेंबर 2021 मधल्या घटनेवरून लक्षात येईल. व्याघ्रगणनेच्या कामासाठी ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकांना आणि त्यांच्या सोबतच्या मजुरांना वाटेत वाघीण बसलेली दिसली. ती उठेल म्हणून ते थांबले, आणि ती हलत नाही असे पाहून झाडीतून वळसा घेऊन निघाले, तेव्हा वाघिणीने मागून चालणाऱ्या त्या वनरक्षकांवर हल्ला केला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ही जंगल ओळखणारी, कामावरची माणसे होती. त्याच जंगलात रोज शेकडो नवखे पर्यटक गाडीत बसून सुखरूप फिरून येतात, त्यात त्यांच्या धाडसाचा वाटा काडीचाही नसतो.

आता दुसरी घटना ऐका. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याच्या चित्रफिती सर्वत्र फिरल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी सगळा दोष चालकावर आणि गाईडवर टाकून आपण मोकळे होतो. पण मागच्या आसनावरून ‘अजून थोडी पुढे घ्या, बक्षीस देतो’ असे कोण म्हणत असते, हे त्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पिल्लांसोबतच्या मादीला निघून जाण्याची वाट मोकळी हवी. ती बंद झाली की आजवरची सवय, गाडीची ओळख, सारे हिशोब फिरतात. वाघच नव्हे, रानगवा आणि अस्वल यांनाही हे लागू आहे. हजार किलोच्या घरात जाणारा गवा रस्ता अडवून उभा असेल, तर हॉर्न न वाजवता इंजिन बंद करून थांबावे. त्याला घाई नसते, आपल्यालाही नसावी.

वाघाविषयी इतके पुरे. मला खरी धास्ती वाटते ती उन्हाची, आणि त्याबद्दल चिठ्ठी कधीच येत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे सहज जातो. दुपारची फेरी त्याच तापलेल्या वेळी सुरू होते, आणि वाघ येईल या आशेने जिप्सी पाणवठ्याजवळ बराच वेळ उभी राहते. त्यात एक गोष्ट कोणी उघडपणे बोलत नाही: जंगलात वाटेल तिथे उतरता येत नाही म्हणून अनेक जण, विशेषतः स्त्रिया, फेरीआधीपासून पाणी पिणेच टाळतात. असे करू नका. प्रवेशद्वारावर स्वच्छतागृहाची सोय पाहून घ्या, पण पाणी तोडू नका; सोबत ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी ठेवा. विदर्भातली माणसे पांढऱ्या दुपट्ट्याने डोके आणि कान घट्ट बांधून घेतात, ते दिसायला कसेही वाटले तरी आपल्या नव्या टोपीपेक्षा शहाणपणाचे आहे. (खिशात कांदा ठेवण्याबद्दल मी काही बोलत नाही, ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.) सोबतचे कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, भोवळ येऊ लागली, तर समोर वाघ असला तरी गाडी वळवायला सांगायची, त्या माणसाला सावलीत घेऊन ओल्या कापडाने अंग पुसत आणि वारा घालत राहायचे, आणि थेट दवाखाना गाठायचा.

फेरी संपून मुक्कामी आल्यावर माणूस सैल पडतो. मोहर्ली किंवा कोलारा ही गावे जंगलालगत आहेत, तिथे कुंपणाच्या आत-बाहेर असा भेद बिबट्या मानत नाही. म्हणून अंधार पडल्यावर किंवा भल्या पहाटे एकट्याने पाय मोकळे करायला जाऊ नये, मुलांना पुढे पळू देऊ नये, आणि खाली वाकलेला किंवा बसलेला माणूस लहान जनावरासारखा दिसतो हेही ध्यानात ठेवावे. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नये, ते मुख्यतः मण्यार आणि घोणस यांच्यासाठी. सर्पदंश झालाच, तर आवळून बांधणे, चिरा देणे असले उद्योग न करता तो अवयव न हलवता 108 क्रमांकावर संपर्क साधावा.

राहता राहिले आग्या मोहोळ. धूर, गोंगाट किंवा दगड यांनी ते उठते, आणि चिरडलेल्या किंवा नांगी मारलेल्या माशीतून सुटणारा वास बाकीच्यांना तिथेच बोलावतो, म्हणून हात झटकत उभे राहू नये. तोंड झाकून तिथून लांब निघून जावे. ज्यांना माशीच्या दंशाची ॲलर्जी आहे, किंवा दमा, मधुमेह, हृदयविकार यांचे औषध चालू आहे, त्यांनी एक काम जरूर करावे. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोनमध्ये जपून ठेवलेली माहिती ऐन वेळी उपयोगाला येत नाही. औषधाचे नाव, मात्रा आणि घरच्यांचा क्रमांक कागदावर ठळक अक्षरांत लिहून तो वरच्या खिशात ठेवा, आणि प्रवेशद्वार ओलांडण्याआधीच गाईडला दाखवून ठेवा.